पोत्यावरची तारीख

प्लास्टरच्या रिकाम्या पोत्यावरची तारीख बघून तिनं दातांच्या मॉडेलच्या बुडावर वीस असा आकडा काढला, आणि पुढे महिना लिहायला पेन्सिल टेकवली तेवढ्यात तिचा हात थांबला. मॉडेल काल दुपारी ओतलेलं होतं. काल अकरा तारीख होती. नोव्हेंबरची अकरा. आणि ती लिहीत होती वीस ऑक्टोबर, कारण पोतं वीस ऑक्टोबरला उघडलं होतं. ह्यात नवल काहीच नव्हतं. गेले आठ महिने ती हेच करत आली होती, दिवसाला बारा-पंधरा वेळा, मान वर न करता. पण आज तिला आपलाच हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसला. नऊ मार्च, तिच्या मनात आलं. ती नऊ मार्च पोत्याची होती.

खोलीत नेहमीचं सगळं चालू होतं. ओतलेल्या प्लास्टरमधले बुडबुडे काढणारं छोटं टेबल थरथरत होतं, मॉडेलं घासायच्या ट्रिमरचं पाणी बारीक धारेनं वाहत होतं, खिडकीपाशी म्हातारे मालक मेणात कुणाचीतरी वरची कवळी बसवत होते. तीस वर्षं दुसऱ्यांचे दात करून त्यांचे स्वतःचे मात्र चारच उरले होते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पोत्याच्या तारखेचा नियम त्यांचाच. फार पूर्वी एकदा ओल लागलेलं पोतं आलं होतं म्हणे. त्यातल्या प्लास्टरवर बेतलेल्या सव्वीस कवळ्या कुणाच्या तोंडात बसेनात, आणि कुठलं मॉडेल कुठल्या पोत्यातलं हे कुणालाच सांगता येईना. सव्वीस माणसं महिनाभर चावल्याविना जेवली. तेव्हापासून नवं पोतं उघडलं की आधी त्याच्यावर तारीख, आणि त्यातून जे जे निघेल त्याच्या बुडावर तीच तारीख, मग ते दुसऱ्या दिवशी ओतलेलं असो की एकविसाव्या. पोतं साधारण तीन आठवडे पुरायचं. गिऱ्हाइकाची तारीख वहीत असायची, बुडावर पोत्याची. ठकीलासुद्धा हे ठाऊक होतं. शाळा सुटली की ती रोज इथेच, कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसायची आणि कुणी नवं दिसलं की मोठ्या रुबाबात त्याला नियम समजावून सांगायची. सात वर्षांच्या पोरीला जे ठाऊक होतं ते तिच्या आईनं वकीलबाईंना सांगितलं नव्हतं. सांगायचं राहिलं होतं, की सुचलंच नव्हतं, ते आता तिचं तिलाही कळेना.

आज दुपारी तीनला सुनावणी होती. मुलगी कुणाकडे राहणार ह्याची नव्हे. तिथवर अजून गाडी पोचलीच नव्हती. आज एवढंच ठरायचं होतं, की ते ठरवायचं कुणी, इकडच्या राज्यातल्या कोर्टानं की पलीकडच्या. तिनं इथे अर्ज केला होता अकरा सप्टेंबरला, मुलीच्या बापानं तिकडे वीस सप्टेंबरला. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत बोट वर करून सांगितलं होतं, अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने मूल जिथे राहिलं, ते त्याचं राज्य. सहा महिन्यांना एक दिवस कमी पडला तरी ते त्याचं राज्य नाही, मग आधीचंच राज्य धरतात. तिला तेव्हा हसू आलं होतं. ठकीला तिनं नऊ महिने पोटात वागवलं, सात वर्षं काखोटीला मारून हिंडवलं, आणि ती कुठली हे ठरणार शेवटच्या सहा महिन्यांवर. पण कायद्याला कुठूनतरी मोजायला सुरुवात करावी लागते, हेही तिला पटत होतं. दातांचं मापही कुठल्यातरी एका दिवशीचंच असतं. तिकडच्या कोर्टानं घाईघाईनं एक हुकूम काढून ठेवला होता, निकाल लागेपर्यंत मुलीला बापाकडे पाठवा म्हणून. तो आजच्या सुनावणीपर्यंत लटकत होता. "आज आपण हरलो," वकीलबाई म्हणाल्या होत्या, "तर येत्या रविवारपर्यंत मुलगी तिकडे. आणि एकदा गेली की मग दोन वर्षं, तीन वर्षं, सांगता येत नाही. मूल तोवर तिथे रुजतं हो."

सगळं येऊन अडलं होतं मार्चवर. ती स्वतः इथे आली तीन मार्चला. नोकरीचा पहिला दिवस होता. ठकी मागाहून आली. बापानं स्वतःच्या गाडीतून आणून सोडली, त्यामुळे तिकीट नाही, पावती नाही, कागदाचा चिटोरा नाही. त्याच्या मते ते चोवीस-पंचवीस मार्चला. तिच्या मते आठवड्याभरात. ठकीचं नाव तिकडच्या शाळेतून काढलेलं होतं आणि इकडच्या शाळेत एप्रिलमध्ये घातलं, म्हणजे मधला सगळा मार्च मोकळा पडलेला, ज्यानं त्यानं आपलं म्हणावा असा. दीड महिना दोघांचे वकील त्या मार्चसाठी भांडत होते. आणि मग ऑगस्टमध्ये कपाटाच्या आवराआवरीत ठेवून दिलेलं ते मॉडेल तिला आठवलं. ठकी आल्यावर पहिल्यांदा कामाच्या जागी आली तेव्हा हट्टानं तोंड उघडून बसली होती, माझे पण दात कर म्हणून. पुदिन्याच्या वासाचा, माप घ्यायचा थंडगार लगदा तोंडात जाताच तिचे डोळे मोठे झाले होते, लाळ हनुवटीवरून फ्रॉकवर ओघळली होती, पण पठ्ठी हलली नाही. ते मॉडेल तिनं कपाटातून काढलं, उलटं केलं, आणि बुडावर तिच्याच अक्षरात, जांभळ्या पेन्सिलीनं: नऊ मार्च. ती जमिनीवर बसून रडली होती त्या दिवशी. आपली आठवण खरी ठरली म्हणून रडली होती. वकीलबाईंनी तर ते हातात घेऊन मुकाच घ्यायचा बाकी ठेवला होता.

"काय गं, भूत बघितलंस का?" समोरच्या टेबलावरून अक्कलदाढ म्हणाली. तिला सगळे अक्कलदाढच म्हणायचे. ती सगळ्यांना अक्कल शिकवायची, उशिरा, आणि दुखेल अशी. स्वभावानं मात्र लोण्याची होती.

"काही नाही. पोतं बदलायचंय."

"मग बदल की. दुपारचं टेन्शन घेऊ नकोस. तारखेसकट दात दिलेत तू त्यांना. आणखी काय देणार, जबडा?"

ती उठली. नवं पोतं ओढून आणलं, सुरीनं शिवण कापली, पोत्याच्या पोटावर आजची तारीख लिहिली: बारा नोव्हेंबर. पांढरी भुकटी उडाली आणि तिच्या भुवयांवर बसली. रिकामं पोतं उचलताना त्याच्या तळातले गठ्ठे हाताला लागले, आणि मग उरलीसुरली शंकाही गेली. मालक म्हणाले होते तेव्हा. पोरीच्या हौसेला चांगलं प्लास्टर कशाला, तळाचं उरलंय ते घे. तळाचं. तिनं तळाचेच गठ्ठे फोडून, खरवडून ठकीचं मॉडेल ओतलं होतं. मागच्या एका दाढेवर त्याचा बुडबुडाही राहिला होता, वाटाण्याएवढा. म्हणजे नऊ मार्चला उघडलेलं पोतं संपत आलं होतं. म्हणजे तीन आठवडे होत आले होते. म्हणजे तो म्हणतो तेच.

मधली सुट्टी घेऊन ती चालत निघाली. कोर्ट वीस मिनिटांवर होतं. रस्त्यावर दुपारचं फिकं ऊन होतं, एका दुकानाचं शटर कुणीतरी रंगवत होतं, बसथांब्यावर एक बाई मांडीवरच्या पिशवीला धरून पेंगत होती. तिला त्या बाईच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं. बसावं, डोळे मिटावेत, आणि तीन वाजून जाऊ द्यावेत. गेलं वर्षभर ती नीट झोपलेली नव्हती असं नाही. झोपत होती, पण उठल्यावर थकवा जिथे ठेवला होता तिथेच असायचा. ती चालत राहिली आणि मार्च आता एकेक करून परत येऊ लागला, तिनं न बोलावता. आठवडा म्हणून जो ती सांगत आली होती तो आठवडा उलगडत गेला आणि संपेचना. रिकाम्या जागेत जमिनीवर अंथरलेली सतरंजी. पडदे नसलेल्या खिडकीत वाळत घातलेली एकटीची एक साडी आणि एक टॉवेल. संध्याकाळचे फोन. आज काय खाल्लं, आज ताप किती. ठकीला कांजिण्या आल्या होत्या. फेब्रुवारीच्या शेवटी आल्या, अंगभर, पापणीच्या आतसुद्धा, आणि तीन तारखेला नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि ती पोरीला तशी टाकून निघून आली होती. तो तेव्हा भांडला नव्हता. दारात उभा राहून म्हणाला होता, "जा तू. मी बघतो." त्याच्या हातात कॅलामाइनची बाटली होती, गुलाबी ठिपके बोटांना लागलेले. ती जिना उतरली आणि ठकीचं रडणं दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. चार-पाच दिवसांत आली माझ्याकडे, असं नंतर ज्यानं ज्यानं विचारलं त्याला ती सांगत गेली. शेजारणीला, अक्कलदाढेला, वकीलबाईंना. इतक्यांदा सांगितलं की वीस-एकवीस दिवसांचे चार-पाच झाले आणि तसेच राहिले. खोटं बोलायचं म्हणून ती बोलली नव्हती. आजारी लेकराला वीस दिवस सोडून राहिलेली बाई ती असूच शकत नव्हती, म्हणून ते वीस दिवसही असू शकत नव्हते.

आणि तो दात. तिला रस्त्यातच उभं राहावं लागलं. दातांची कामं करणारी बाई, आणि दातच विसरली. त्या मॉडेलमध्ये खालचा पुढचा डावा दात नव्हता. तो तिकडे पडला. बारा मार्चच्या सुमारास त्यानं फोनवर सांगितलं होतं, खपल्या धरल्या सगळ्या आणि एक दात पण पडला बघ, मोठ्या ऐटीत फिरतेय. तिनं फोन कानाला धरून त्या रिकाम्या स्वयंपाकघरात भिंतीला डोकं टेकलं होतं. पहिला दात, आणि आपण नाही. आणि मॉडेलमध्ये त्या रिकाम्या जागी नव्या दाताची धार वर आलेली होती, तांदळाच्या कणीएवढी. जो कुणी दात वाचू शकतो त्याला ते मॉडेल सरळ सांगत होतं, की मी नऊ तारखेचं नाही. पण कोर्टात दात वाचणारं दुसरं कुणी नव्हतं.

वकीलबाई बाकावर बसून बिस्किटं खात होत्या. पायातले बूट काढून बाकाखाली सरकवलेले. सकाळपासून ही त्यांची चौथी केस. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "त्या मॉडेलवरच्या तारखेबद्दल मला जरा…"

"अक्षर तुमचंच ना?"

"अक्षर माझंच. पण ती तारीख…"

"मग झालं तर. हे बघा, विचारतील तेवढंच सांगायचं. दमलेला माणूस फार बोलतो, आणि तुम्ही दमलेल्या दिसताय." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या अनवाणीच बोलत बोलत लांब गेल्या. बिस्किटाचा पुडा तिच्या मांडीवर राहिला. तिनं एक खाल्लं. सांगायचा प्रयत्न तर केला, तिच्या मनात आलं. आणि हे मनात येताच आपण स्वतःला किती सहज सोडून देतो ह्याचं तिला वाईट वाटलं. बोलू नये, दुसरं मन म्हणालं. आकडाच तर आहे. पंधरा दिवस. पंधरा दिवसांसाठी पोरगी जाऊ द्यायची? रोज संध्याकाळी स्टुलावर बसून पाय हलवणारी, झोपेत दात खाणारी, आंघोळीनंतर ओल्या केसांनी पाठीला येऊन बिलगणारी. त्या पाठीवरच्या ओलीची तिला इतकी सवय झाली होती, की आताही तिचा हात मागे गेला.

खोली लहान होती, शाळेच्या वर्गाएवढीसुद्धा नाही. न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती; नाक पुसून पुसून शेंडा लाल झालेला. पलीकडच्या राज्यातले न्यायाधीश टेबलावरच्या स्पीकरमधून बोलत होते, आणि भिंतीवरच्या पडद्यावर मुलीचा बाप होता. इस्त्रीचा शर्ट, बारीक झालेला चेहरा. तो लिफ्ट तपासायचा. गावभरच्या इमारतींतल्या लिफ्ट तपासून आत काचेखाली कागद लावायचा, तपासल्याची तारीख, खाली सही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कुठल्याही लिफ्टमध्ये शिरलं की ती आधी त्याची सही शोधायची. दोन न्यायाधीश एकमेकांशी असे बोलत होते, जणू एखादं जड कपाट दोन खोल्यांमधून कुठून न्यावं हे ठरवतायत. दोघांनाही ते आपल्या खोलीत नको होतं आणि दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचंही नव्हतं. मग कारकुनानं प्लास्टिकच्या पिशवीतून मॉडेल काढून टेबलावर ठेवलं. ठकीचे दात त्या मोठ्या टेबलावर फार लहान दिसले.

"ही तारीख तुमच्या अक्षरात आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो."

"आणि हे तुमच्या मुलीचे दात? मापही तुम्हीच घेतलं, इथे, ह्या शहरात?"

"हो."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वकीलबाईंनी हळूच मान हलवली. न्यायाधीशबाईंनी मॉडेल स्पीकरच्या दिशेनं थोडं उचलून धरलं, मग पलीकडच्यांना दिसणार नाही हे लक्षात येऊन खाली ठेवलं, आणि तारीख वाचून दाखवली. "वडिलांचं ह्यावर काही म्हणणं?" स्पीकरमधला आवाज म्हणाला.

पडद्यावर तो जरा पुढे झुकला. मॉडेल बघायचा प्रयत्न करत असावा. "मला आपलं चोवीस-पंचवीस वाटत होतं," तो म्हणाला. "पण माझ्याजवळ कागद नाही काही. आणि खरं सांगायचं तर ठकीला कांजिण्या होत्या तेव्हा. रात्ररात्र खाजवायची, मी हात धरून बसायचो. त्या दिवसांचा माझा हिशेबच राहिला नव्हता, सकाळ कुठली, संध्याकाळ कुठली." त्याच्या वकिलानं मधे काहीतरी म्हटलं, ते त्यानं ऐकलं नाही. "तिनं लिहिली असेल तारीख, तर बरोबरच असेल. कामाच्या तारखेत ती चुकणार नाही. माझाच गोंधळ झाला असेल."

तो हे टोमण्यानं म्हणाला असता तर ती गप्प बसली असती. वर्षभर त्याच्या टोमण्यांवर तिचा चांगला निभाव लागला होता. पण तो थकून म्हणाला, खरंच वाटून म्हणाला, आणि मग चष्मा काढून डोळे चोळत बसला. त्याच्या वीस दिवसांतले पंधरा त्यानं स्वतःच्या हातानं पुसून टाकले होते, तिच्या अक्षरावर विश्वास ठेवून. कॅलामाइनची बोटं. मी बघतो. ते त्यानं बघितलं होतं, आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"ती तारीख पोत्याची आहे," ती म्हणाली.

"कशाची?"

"पोत्याची. प्लास्टरच्या."

कारकुनाची बोटं थांबली. "पोतं म्हणजे पोतंच लिहू ना?" त्यानं विचारलं. वकीलबाईंनी तिच्या कोपराला हात लावला, पण आता तिला ते लांबून जाणवलं. तिनं सगळं सांगितलं. नियम, तीन आठवडे, तळाचे गठ्ठे, दाढेवरचा बुडबुडा. नव्या माणसाला काम शिकवावं तसं ती सांगत गेली. शेवटी उठून टेबलापाशी गेली आणि मॉडेलमधल्या रिकाम्या जागेवर नख ठेवलं. "नऊ मार्चला हा दात तिच्या तोंडात होता. तो तिकडे पडला. चोवीस-पंचवीसच बरोबर आहे. मी आज सकाळपर्यंत… मलाही आज सकाळी कळलं."

"माझ्याकडे आहे तो," पडद्यावरून तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "डबीत ठेवलाय." न्यायाधीशबाई शिंकल्या आणि सॉरी म्हणाल्या.

पुढचं वीस मिनिटांत आटोपलं. सहा महिने भरत नाहीत. मूल तिकडच्या राज्याचं. प्रकरण तिकडच्या कोर्टात चालेल. तिकडचा हुकूम लागू. बाहेर आल्यावर वकीलबाई बूट घालत म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतंत."

"सांगत होते."

"हं." त्यांनी उरलेला पुडा पिशवीत टाकला, आणि मग जायच्याऐवजी तिच्या दंडावर हात ठेवला. "रविवारी सकाळी लवकर निघा. दुपारी वाहनांची गर्दी असते." मॉडेल कोर्टात ठेवून घेतलं होतं, अपिलाची मुदत संपली की अर्ज करून नेता येईल असं कारकून म्हणाला.

ती परतली तेव्हा अक्कलदाढेनं ठकीला शाळेतून आणलेलं होतं आणि ठकी स्टुलावर बसून पाय हलवत होती. अक्कलदाढेनं तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पहिल्यांदाच काही शिकवलं नाही. ट्रिमरचं पाणी बंद केलं आणि मालकांना घेऊन बाहेर चहाला गेली. तिनं ठकीसमोर दुसरं स्टूल ओढलं. गोल गोल फिरवायची ताकद उरली नव्हती, म्हणून तिनं सरळ सांगितलं, की रविवारी तुला बाबाकडे जायचंय. शनिवारी बॅग भरू.

"किती दिवस?"

"ते तिकडचं कोर्ट ठरवेल."

"इकडचं का नाही?"

"इकडे तू कमी दिवस होतीस म्हणून."

ठकीनं ह्यावर विचार केला. "मग मी जास्त दिवस राहते," ती म्हणाली. मग तिनं खालचा ओठ बोटानं ओढून दाखवला. नवा दात पुरता वर आला होता, जरा तिरका, कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेला. "माझं ते जुनं कोर्टाला दिलंस ना? मग नवीन कर. दोन कर. एक बाबाला."

तिनं नव्या पोत्यात हात घातला. वरचं प्लास्टर मऊ होतं, एकसुद्धा गठ्ठा नाही. लगदा तोंडात जाताच ठकीचे डोळे पुन्हा तसेच मोठे झाले, लाळ ओघळली, आणि पठ्ठी हलली नाही. एकाच मापातून दुसरं मॉडेल नीट निघत नाही, म्हणून तिनं दोनदा माप घेतलं. दोन्ही वेळा हनुवटी धरून ठेवली, लागतो त्याहून जरा जास्त वेळ. प्लास्टर जमायला लागलं की ऊन होतं, ते ठकीला फार आवडायचं. एकेका हाताखाली मापाचा एकेक ट्रे घेऊन ती बसून राहिली, गार होईपर्यंत, आणि तोवर शाळेतल्या कुणाची तरी लांबलचक तक्रार सांगत राहिली. मग आईनं दोन्ही मॉडेलं सोडवली, बुडं घासून दिली. पेन्सिल कानावरून काढली आणि लिहायच्याऐवजी लेकीच्या हातात ठेवली.

ठकीनं जीभ बाहेर काढून पेन्सिल नीट धरली. मान वळवून कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"आई, पोत्यावरची घालू की आजची?"

"घाल कुठलीही," ती म्हणाली. "आज दोन्ही एकच आहेत."